हात वर, काका!

“हात वर, काका!” असं ऑफिसात मला कॉम्प्युटर शिकवणारी पोरगी पोलिसासारखं ओरडली की मी खरोखर दोन्ही हात वर करायचो. तुम्ही हसाल, पण त्या आवाजापुढं तुम्हीही केले असते. मग ती शांतपणे म्हणायची, “आता एस्केप दाबा. भीती वाटत असंल तर दोनदा दाबा.”

शहरातल्या गारखेड्यात आमचं पाण्याचे टँकर पुरवण्याचं दोन खोल्यांचं ऑफिस. समोर एकामागून एक इमारती उठत होत्या आणि शहराबाहेरच्या वस्त्यांवरच्या विहिरी आटत होत्या. मालकांनी आणलेले जुने कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या फुकटच्या सिस्टिमशिवाय चालेनात. टँकरची यादी ती विम नावाच्या एडिटरमध्ये, म्हणजे लिहायच्या प्रोग्रॅममध्ये ठेवायची. काळा पडदा, माऊसला कोणी विचारत नाही. मी टायपिंगची परीक्षा पास झालेला माणूस. बायकोला सांगून बसलो, “दोन दिवसांत हातात येईल.” आठव्या दिवशी मला निदान त्यातून बाहेर पडता येऊ लागलं.

ती सोयगावकडची, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तरी मी तिला ताई म्हणायचो आणि ती मला काका. म्हणजे नुकसान एकट्या माझंच.

“इथं नुसतं अक्षर दाबलं की हुकूम सुटतो,” ती सांगायची. “लिहायचं असंल तर आधी इंग्रजी आय दाबून परवानगी घ्यायची.”

“आमच्या घरी पण हेच चालतं.”

“मग तर लई लवकर जमाया पायजे!”

एका सकाळी ती यायच्या आत मीच यादीत नवं गाव घालायला बसलो. नाव डीनं सुरू होणारं. परवानगीचं विसरलो. डी दाबला, काहीच उमटलं नाही. म्हणून पुन्हा दाबला. दोन डी म्हणजे अख्खी ओळ उडव, हे मला कुठलं ठाऊक! मग आय आठवला. नाव लिहिलं, फाईल सेव्ह केली, यादी छापून ड्रायव्हर पाशाभाईंच्या हातात दिली आणि ऐटीत चहा सांगितला.

तिनं आल्या आल्या पडद्यावरच्या यादीवरून बोट फिरवलं. “काका, डोंगराकडची वस्ती कुठंय?”

मी कप खाली ठेवून पडद्याकडं पाहिलं. उडालेली ओळ तीच. चाळीसेक घरं, टँकरशिवाय दुसरं पाणी नाही.

तिनं फोन लावला. “वो वस्ती तो पीछे छूट गई,” पाशाभाई म्हणाले. “लिस्ट में नामच नै था.”

“टँकर वळवा भाई. अभी के अभी.”

मी मालकांना सांगायला उठलो.

“बसा,” ती म्हणाली. “आधी ती ओळ लिहा, उद्याला राहायला नको. मी हात नाय लावणार.”

लिहिली. आय दाबून.

दुपारी पाशाभाईंचा फोन आला. पाणी पोचलं होतं, पण वस्तीवरच्या बाया विचारत होत्या, आज एवढा उशीर का? त्यांना काय सांगू, असं ते मला विचारत होते. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

“सांगा, काका शिकायलेत.”

पुढच्या महिन्यात तिला पुण्यात नोकरी लागली. शनिवारी ती गेली. सोमवारी मी यादी लिहायला तिच्या जागेवर बसलो. ती चांगली उंच, मी बुटका. जाताना ती खुर्ची खाली करून गेली होती. माझे पाय जमिनीला टेकले.