गाळलेली सव्वीस पानं

सुशीलाबाईंचं वाचन ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाचनालयात त्यांनी एकतीस वर्षं पुस्तकांची देवघेव केली. दर गुरुवारी दुपारी तिथे ज्येष्ठ मंडळींसाठी वाचन चालायचं, तेही त्याच करायच्या. वेळ संपत आली आणि प्रकरण लांबलचक असलं, की बाई मधला मजकूर अलगद सोडायच्या आणि पुढचं वाक्य असं बेमालूम जोडून घ्यायच्या, की पुस्तक पाठ असलेल्या माणसालाही शंका येऊ नये. या जोडकामाचा त्यांना भारी अभिमान होता. कुणाला कशाचा अभिमान असावा, यावर काही बंधन नाही.

निवृत्तीनंतर त्या आठवड्यातून चार दिवस बसनं कोथरूडला जाऊ लागल्या. तिथे नागोराव राहायचे, मुलाच्या फ्लॅटमध्ये. मूळचे हिंगोलीकडचे, विशी ओलांडायच्या आत पुण्यात आलेले, पिंपरीच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस. वाचायची आवड फार, पण तेव्हा वेळ नव्हता. आणि वेळ मिळाला तेव्हा मधुमेहानं डोळे नेले. वडील दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात हे मुलाला, दत्तप्रसादला, बघवेना, म्हणून त्यानं बाईंना गाठलं होतं. मुलगा वाईट नव्हता हो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून त्याला शिव्या घालाव्याशा वाटतील.

वर्षभर छान चाललं. प्रवासवर्णनं झाली, दोनतीन चरित्रं झाली. आणि मग एके दिवशी नागोरावांनी उशाखालून एक पुस्तक काढून बाईंच्या हातात दिलं. आनंद नावाच्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्यानं ते कुठून कुठून हुडकून आणलं होतं. बाईंनी मुखपृष्ठ पाहिलं आणि लगेच ओळखलं.

हे पुस्तक त्यांनी स्वतःच्या हातांनी फळीवरून उतरवलं होतं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. हिंगोलीकडच्याच एका शिक्षिकेनं ते लिहिलेलं. गावातल्या बायकांच्या हकिकती. त्यातल्या एका हकिकतीनं एका बड्या घराण्याची बदनामी झाली म्हणून ओरड उठली, प्रकाशकाच्या दारात घोषणा झाल्या, त्यानं घाबरून प्रती परत मागवल्या. सरकारनं बंदी घातलीच नाही. तेवढे कष्ट घ्यायची वेळच कुणी येऊ दिली नाही. वाचनालयाच्या कार्यकारिणीनं ठराव केला आणि बाईंनी तिन्ही प्रती कपाटात घालून कुलूप लावलं. एक विद्यार्थिनी विचारायला आली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "उपलब्ध नाही. का नाही ते मला विचारू नका, मीही कुणाला विचारलेलं नाही." वर फणकारा, आत शरम. कारण पुस्तक त्यांनी तोवर उघडूनही पाहिलं नव्हतं.

वाचन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दत्तप्रसादनं ते पुस्तक चाळलं. वडिलांचं हट्टानं मागणं त्याला मोडवेना. पण त्यांच्या हृदयाचं दुखणं, त्यात गावाकडचं काही निघालं की त्यांची अन्नपाण्यावरची वासना उडते, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं पेन्सिलीनं खुणा केल्या. सव्वीस पानं. तेवढी गाळून वाचा काकू, त्यांना कळणारही नाही, असं तो अगदी हात जोडून म्हणाला. सून ऋचा मागे उभी होती. तिनंही मान हलवली. बाईंना वाटलं, आजारी माणसाच्या भल्याचंच आहे. आणि खरं सांगायचं तर, हे आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही, असंही वाटलं.

पुस्तक त्या सोबत घेऊन निघाल्या आणि परतीच्या बसमध्ये त्यांनी ती सव्वीस पानं वाचली. एका विधवेची हकिकत होती. तिनं नवऱ्याच्या वाट्याची जमीन मागितली, मागत राहिली, शेवटी तालुक्याला अर्ज केला. मग एका दुपारी गावातल्या चार जणांनी तिला ओढत विहिरीवर नेलं. पाय घसरला, असं गाव म्हणालं. लेखिकेनं लिहिलं होतं की विहिरीवर तेव्हा एक तरणा गडी मोट हाकत होता. त्यानं सगळं पाहिलं आणि आठ दिवसांत तो गाव सोडून गेला. बाईंचा थांबा मागे राहिला. पुढच्या थांब्यावरून त्या चालत घरी आल्या.

वाचन तीन आठवडे चाललं. जोड कुठे कळली म्हणून नव्हे, पण दुसऱ्या आठवड्यात नागोरावांनी सहज विचारावं तसं विचारलं, यात विहिरीचं काही येतं का? बाई म्हणाल्या, अजून नाही आलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आता मात्र बाई चरकल्या. जिन्यात दत्तप्रसादला गाठून त्यांनी सांगितलं, की ते नेमकं तेच मागताहेत, वाचू द्या मला. तो म्हणाला, मागताहेत म्हणूनच नको. बाईंनी तेव्हा ऐकायला नको होतं. पण एकतीस वर्षं ठराव मानलेली बाई ती. मानला तिनं हाही.

शुक्रवारी शेवटचं पान झालं. नागोरावांनी मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवला. मग म्हणाले, "संपलं? विहीर नाही आली."

"नाही," बाई म्हणाल्या.

सोमवारी त्या गेल्या तेव्हा नागोरावांनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि बोलायला सुरुवात केली. गोदाबाई तिचं नाव. उन्हाळ्याची दुपार होती. ते एकोणीस वर्षांचे होते आणि मोटेवर होते. तिनं त्यांच्याकडं पाहून हाक मारली होती, नागूभाऊ म्हणून. ते जागचे हलले नाहीत. फौजदार आला तेव्हा तेही म्हणाले, पाय घसरला. नंतर कारखाना, लग्न, पोरं, सगळं झालं. बायकोला सांगितलं नाही, मुलाला नाही. या पुस्तकावरून ओरड चाललीय असं रेडिओवर ऐकलं तेव्हा त्यांच्या मनात आलं, की कुणीतरी लिहिलं असणार. कुणाला तरी ठाऊक असणार. मरायच्या आधी ते दुसऱ्याच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, एवढंच. तर तेही नाही. म्हणजे गोदाबाई माझ्यासंगंच जाणार, असं म्हणून ते रडले. आवाज न करता रडले.

बाईंच्याही डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी सगळं कबूल केलं. खुणा, सव्वीस पानं, आपली लबाडी. आहे हो त्यात, सगळं आहे, म्हणाल्या. ती बाई आहे, विहीर आहे, मोटेवरचा गडीसुद्धा आहे. थांबा, आत्ता वाचते. पुस्तक नेहमीच्या जागी नव्हतं. ऋचानं रविवारी रद्दीत घातलं होतं. वाचून झालं होतं ना, ती म्हणाली.

नागोरावांनी हात चाचपडत बाईंचा हात शोधला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही सांगायलात. मी सांगितल्यावर आता काय पण सांगता येतं."

"देवाशपथ, छापलेलं आहे."

"असंल. नसंल. मला कसं कळावं आता?"

बाईंनी काय करायचं बाकी ठेवलं नाही. रद्दीवाल्याकडं गेल्या, माल गेला होता. वाचनालयात गेल्या, कपाटातल्या प्रती केव्हाच कागदाच्या लगद्यासाठी देऊन टाकल्या होत्या, तोही ठराव झाला होता. आनंदनं पुन्हा हुडकून पाहिलं. भाच्याला मोबाइलवर शोधायला लावलं, तर पुस्तकावरची भांडणं शेकड्यांनी सापडली, पुस्तक नाही. लेखिकेचा पत्ता मिळवून पत्र टाकलं. ते परत आलं. दत्तप्रसाद तर वडिलांच्या पायाशी बसला आणि शपथेवर सांगू लागला, की खुणा मीच केल्या होत्या, आहे त्यात ती हकिकत. म्हातारा मान हलवत राहिला. कोण खोटं बोलतंय असं त्याचं म्हणणंच नव्हतं. सगळे आपल्या भल्यासाठीच बोलतात, हे त्याला पक्कं कळून चुकलं होतं.

बाई अजून जातात. आता वर्तमानपत्र वाचतात. मथळ्यापासून सुरू करून जाहीर नोटिसा, निविदा, हरवल्याच्या जाहिराती, छापखान्याचा पत्ता, अक्षरही सोडत नाहीत. घसा बसतो तरी सोडत नाहीत. नागोराव मुकाट्यानं ऐकतात आणि शेवटी, दमला असाल, चहा घ्या, म्हणतात. पुस्तक मात्र त्यांनी पुन्हा कधी मागितलं नाही.