कँटनचा कडता

नत्थुजींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत माझ्या गादीत होता.

मी मोर्णा नदीवरून आंघोळ करून परत आलो, तर ओसरीवर एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस उकिडवा बसलेला. डोळे मिटलेले, मान तिरपी, आणि हात गादीच्या उसवलेल्या शिवणीतून आत. मी ओरडलो. त्यांनी डावा हात वर करून मला गप्प केले. मग त्यांनी गादीच्या पोटातून एकेक जिन्नस काढून ओळीने मांडायला सुरुवात केली, आणि हे काम निदान दोन प्रहर चालले असावे, कारण माझे धोतर अंगावरच वाळले. सत्तावीस सरक्या निघाल्या. कडुनिंबाची काडी निघाली. अर्धी सुपारी निघाली. आणि शपथेवर सांगतो, माझ्या मावशीची आठ वर्षांपूर्वी हरवलेली नथ निघाली, जिच्यापायी एका गरीब मोलकरणीला घराबाहेर काढले होते.

"पंतोजी, हे गादी तुमाले कोनं देल्ली?" त्यांनी डोळे उघडून विचारले.

"मावशीने. प्रेमाने."

"मावशीवर नजर ठेवा," ते म्हणाले, आणि मग आपले काम सांगितले. त्यांना एक पुस्तक वाचून दाखवणारा माणूस हवा होता. मी भरवशाचा आहे की नाही, ते माझ्या गादीवरून पाहत होते.

नत्थुजी हे अकोल्यात भगवंतरावांच्या पेढीवर कापसाचे पारखी होते. गाडी उतरली की ते बोऱ्यात हात घालीत, वरचा कापूस कधीच न पाहता मधला मूठभर ओढून काढीत, आणि माती, ओल, सरकी सगळे बोटांनीच ओळखीत. मग ते कडता सांगत. म्हणजे खोट किती असेल त्याचा अंदाज घेऊन वजनातून तेवढे आधीच वजा धरायचे. ज्या गाठीवर नत्थुजींचा शिक्का, दोन उभ्या रेघा आणि एक टिंब, ती गाठ मुंबईपर्यंत कुणी फोडून पाहत नसे. बावीस वर्षे असे चालले होते. बाजारातली ही सवय घरीही आली होती. त्यांची बायको मनकर्णाबाई मला सांगत असे, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा या माणसाने पुरणपोळी मधोमध फाडून वास घेतला होता, आणि ती पोळी त्याच्या सासूने लाटलेली होती.

अशा माणसावर अठराशे एकसष्टच्या पावसाळ्यानंतर वीज पडली. भगवंतरावांचा काही माल मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत चीन देशात कँटन नावाच्या मोठ्या शहरी जाई. तिथून पत्र आले, की नत्थुजींच्या शिक्क्याच्या अकरा गाठींत दगड निघाले. खात्रीसाठी एक दगडही पाठवला होता. मुठीएवढा, फिकट करडा, उन्हात धरला की चमकणारा.

नत्थुजींनी तो चाटून पाहिला. "हा दगड आपला नाई. इथून मुंबईपावतर समदा काया दगड. हा कँटनातच कोनं तरी घातला."

"तुमी म्हनता म्हनून?" भगवंतराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण पेढी त्याची होती. "संक्रांतीनंतर दुसरा माल निंगते. तुमी संगं जा. कँटनात आपल्या समोर गाठ फोडाले लावा, दगडाचा छडा लावा. नाई तर तुमचा शिक्का उतरवून ठेवा."

शिक्का उतरवणे म्हणजे काय ते अकोल्यात शेंबड्या पोरालाही कळत होते. पण कँटनात जायचे म्हणजे कुठे जायचे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. म्हणून पुस्तक.

पंचांगे विकणारा एक फिरस्ता मुंबईहून कँटनची दोन वाटाड्या पुस्तके घेऊन आला होता. एक नवे, लाल पुठ्ठ्याचे, सोनेरी अक्षरांचे. दुसरे शिळाछापाचे, जाड, कोपरे उंदरांनी खाल्लेले. विक्रेत्याने लाल पुस्तकाचे पहिले पान उघडले.

"वरचा नोको," नत्थुजी म्हणाले. "मधला दाव."

मी मधले पान वाचले. कँटन हे शहर स्वर्गासारखे असून तेथील लोक देवासारखे आहेत, असे त्यात होते.

"लय पांढरा माल हाय. ओल मारली असंल. दुसरा काढा."

दुसऱ्याच्या मध्यात लेखक आपले गाऱ्हाणे सांगत होता. उतरायच्या घाटावर एका नावाडिणीने त्याला तीन वेळा तोच घाट दाखवून तीन वेळा भाडे घेऊन उतरवले होते. नत्थुजींचा चेहरा उजळला.

"हा मानूस फसला हाय. फसला तं खरंच गेला असंल." मग मिशी ओढून, "का आपल्याले खरं वाटावं म्हनून फसला असं लेहते?"

तरी घेतले ते जाड पुस्तक.

नत्थुजींना अक्षरओळख नव्हती आणि मी त्यांना पटलेलो नव्हतो. म्हणून सकाळी माझ्या ओसरीवर मी एक पान वाचायचे, आणि दुपारी टपालकचेरीतल्या रामराव कारकुनाने तेच पान वाचायचे, अशी त्यांनी व्यवस्था लावली. आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची बंदी होती. एकदा देवळात रामरावाने मला नुसता रामराम केला, तर नत्थुजी दोन दिवस आम्हा दोघांकडेही फिरकले नाहीत. त्यांची स्मरणशक्ती मात्र भयंकर होती. एका सकाळी येऊन ते खांबाला टेकून उभे राहिले.

"पंतोजी, काल तुमी वाचलं, कँटनच्या नदीत बाया नाव वल्हवतात."

"हो."

"रामराव वाचते, बाया पाठीवर लेकरू बांधून नाव वल्हवतात. लेकरू कुठं गेलं?"

"भूक लागली होती, नत्थुजी. ओळ गाळली."

"भूक लागली तं तुमी लेकरू गाळलं?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू त्या नदीत मीच ते ढकलले होते. त्या दिवसापासून माझ्या वाचनावर कायमचा कडता बसला. माझ्या दहा ओळींतल्या ते नऊच धरीत.

हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. पुस्तककर्ता नागपूरकडचा कुणी गृहस्थ होता, आणि मुंबईला जाताना त्याने वाटेतल्या अमरावतीवरही चार पाने लिहिली होती. ती पाने मी वाचली तेव्हा नत्थुजी जाग्यावरून उठले.

"कँटन आपन पाह्यलं नाई. अमरावती पाह्यली हाय. चला."

"कुठे?"

"अमरावतीले. याचा मधला मूठभर पाहू."

बैलगाडीने तीन दिवस हाडे खिळखिळी करीत आम्ही अमरावतीला पोचलो. पुस्तकात लिहिले होते, शहराभोवती दोन कोस दगडी परकोट असून त्याला नऊ दरवाजे आहेत. नत्थुजींनी पावले मोजत परकोटाला फेरी घातली. मी पुस्तक धरून मागे. परकोट कोसाच्या थोडा वरच भरला. मग दरवाज्यांची मोजणी. पाच मोठे दरवाजे सापडले. बाकी चार जागी भिंतीत लहान वाटा होत्या. त्यांपैकी एकीच्या तोंडाशी वांग्यांची पाटी डोक्यावर घेतलेली एक माळीण वाट मोकळी व्हायची वाट पाहत होती, कारण वाटेत नत्थुजी उभे होते.

"बाई, हा दरवाजा हाय का खिडकी?"

"खिडकी."

"कोनं सांगतलं?"

"माह्या सासूनं. काहून? तुमाले घरी न्याची हाय?"

"पुस्तकात दरवाजा लेहला हाय."

"मंग तुमी पुस्तकातून जा, बुवा. इथून माही पाटी जाऊ द्या."

नत्थुजी बाजूला झाले, पण चेहऱ्यावर मोठे समाधान होते. "पाच सच्चे, चार खोटे. नवात चार खोट."

"अहो, लहान असली तरी वाटच ती," मी म्हणालो. "माणूस आत-बाहेर जातो ना?"

"सरकी बी कापसातूनच निंगते. तिले कापूस म्हनाल काय?"

त्याच चार पानांत अमरावतीचे लोक तोंडाने फटकळ आहेत असेही लिहिले होते. तेवढे वाक्य त्यांनी त्या माळणीच्या साक्षीवर बिनकडत्याचे मान्य केले.

अकोल्याला परत आल्यावर कँटनची छाटणी सुरू झाली. पुस्तकात कँटनला सोळा वेशी होत्या, नत्थुजींनी नऊ ठेवल्या. उत्तरेच्या तटावर पाच मजली बुरूज होता, त्याचे तीन मजले राहिले. लोक दोन काड्यांनी जेवतात या वाक्यावर ते फार वेळ बसले आणि शेवटी म्हणाले, की एक काडी असेल. एका पाल्याचा काढा करून पाहुण्यांना देतात, त्याला चहा म्हणतात, हे त्यांनी साफ रद्द केले, कारण घरी आलेल्या पाहुण्याला कुणी काढा पाजत नाही. घाटावरून पेढीपर्यंत पुस्तकाने सातशे पावले दिली होती. ते रोज अंगणात चारशे पावले चालून पाहत आणि डावीकडे वळत. डावीकडे गोठा होता.

"अवो, म्हैस बिथरली तुमच्या कँटनानं," मनकर्णाबाई म्हणाली. "रोज सकायी तिच्या तोंडापुढं जाऊन उभे राह्यता, आन् गाठ फोडा म्हनता."

"सराव करून राह्यलो."

"म्हशीले बी कडता लावला असंल. दूध त्याच्यानंच कमी झालं."

आणि मग पौषात, पुस्तक संपत आलेले असताना, एका पानावर मी वाचून गेलो, की कँटनच्या गल्ल्या अरुंद असून त्यांत फिकट करड्या, चमकदार दगडाच्या फरशा बसवलेल्या आहेत, आणि जागोजाग पाथरवट त्याच दगडाच्या कपऱ्या काढत बसलेले असतात.

नत्थुजींनी माझे मनगट धरले. ते वाक्य मी सात वेळा वाचले. मग त्यांनी मला तसाच ओढत टपालकचेरीत नेले, आणि रामरावाकडून तेच वाक्य ऐकले. अक्षराचाही फरक नव्हता. त्यांनी कमरेला बांधून ठेवलेला कँटनचा दगड सोडून रामरावाच्या मेजावर ठेवला. बावीस वर्षांच्या शिक्क्याचा कलंक त्या एका वाक्याने धुऊन निघत होता. आम्ही तिघेही, बोलायची बंदी विसरून, थेट भगवंतरावांच्या गादीपुढे जाऊन उभे राहिलो.

भगवंतरावांनी वाक्य ऐकले. दगड हातात फिरवला. मग शांतपणे विचारले, "नत्थुजी, या पुस्तकाले कडता किती?"

पुस्तकाचा निकाल नत्थुजींनी आठ दिवस साऱ्या बाजाराला ऐकवला होता.

"नवात चार," ते म्हणाले.

"मंग हे वाक्य पाचातलं का चारातलं?"

मी मध्ये पडलो. म्हणालो, एवढे एक वाक्य खरे धरायला काय हरकत आहे? कारकून रामरावही तेच म्हणाला. नत्थुजींनी फक्त हो म्हणायचे होते. भगवंतरावही वाट पाहत होते, माझ्या मते मनातून त्यांनाही ते हवे होते.

नत्थुजींनी दगड उचलून पुन्हा कमरेला बांधला. "नाई, शेटजी. एका बोऱ्याले एकच कडता. आपल्या फायद्याचा मूठभर वेगळा काढता येत नाई. मी पाहून येतो."

संक्रांतीनंतर चाळीस गाड्या निघाल्या. पहिल्या गाडीवर नत्थुजी. बरोबर ज्वारीचे पीठ, जाड पुस्तक, दगड, आणि मनकर्णाबाईने दिलेली लोणच्याची बरणी, जी त्यांनी वेशीबाहेर पडण्याआधीच तळापर्यंत ढवळून पाहिली. मी कोसभर सोबत गेलो. निरोप घेताना त्यांनी विचारले, शेवटच्या पानावर मी काही गाळले तर नाही ना. मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण ते दहातले नऊच धरले असणार.

होळी होऊन पंधरा दिवस झाले आणि ते परत आले. कँटनला जाऊन यायला इतके थोडे दिवस पुरत नाहीत, एवढे मलाही कळत होते. काय झाले ते त्यांनी ओसरीवर बसून सांगितले. माझ्या गादीत हात घातला नाही.

अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिथला कापूस विलायतेला पोचेना, म्हणून मुंबईत आपल्या कापसाला कुणी म्हणेल तो भाव. गाड्या पोचायच्या आतच तो माल विलायतेच्या व्यापाऱ्याला विकला गेला होता, कँटनला काहीच जाणार नव्हते. नत्थुजी बंदरावर गाठीपाशी उभे राहून तोलणाऱ्याला म्हणाले, "बापा, हात घालून तं पाह्य. मधला पाह्य."

"आजोबा, बाजूला व्हा," तो म्हणाला. "दगड असले तरी जातील."

"माह्या गाठीत नाईत."

"नसले तरी जातील."

त्यानंतर भगवंतरावांच्या पेढीवरून कँटनला माल गेला नाही. पुढच्या हंगामापासून पेढीवर पारखीच ठेवला नाही. कँटनच्या पत्राला उत्तर पाठवायचे राहून गेले.