एका स्थानिक शेतकऱ्याचं नाव

नामदेव गेल्याचं मला कळलं ते जुन्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रात्यक्षिक चालू होतं, टेबलावर खडकांचे नमुने मांडलेले, आणि फोनवर त्याचा फोटो आला. सांगवीत सकाळी उसाला पाणी द्यायला गेला आणि बांधावरच कोसळला. खरं सांगायचं तर दुःखाच्याही आधी माझ्या मनात आलं, की मला त्याला जे सांगायचं होतं ते आता राहिलंच... याला दीड महिना झाला.

बारामतीच्या कॉलेजात भूशास्त्राच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो. मी लोणी भापकरचा, जिरायत भागातला. आमच्या ओढ्याला वर्षातून चार दिवस पाणी. नदी काठ कसा कापते, गाळ कुठं टाकते, हे मी पुस्तकातून घोकायचो आणि विसरायचो. नामदेवच्या वावराला नीरा लागूनच होती. परीक्षेच्या आधीच्या रविवारी त्यानं मला सायकलवर डबलसीट घरी नेलं आणि नदीच्या वळणावर उभं केलं. बाहेरच्या अंगाला पाणी काठाला धडका देत होतं. काळ्या मातीचा उभा कडा, मधे चुनखडीचे पांढरे खडे, आणि समोरच्या, आतल्या अंगाला संथ पाण्यात साचलेली वाळू. "हितनं उचलती आन् म्होरच्या वळणाला नेऊन टाकती," तो म्हणाला. "आमचं निम्मं वावर असंच गेलं. आता लिही पेपरात." मी लिहिलं, आणि त्या विषयात पहिला आलो.

दुसऱ्या वर्षी त्याच्या वडिलांनी अंथरूण धरलं आणि त्याचं कॉलेज सुटलं. मी पुण्याला जाऊन पुढं शिकलो आणि शिकवायला परत बारामतीतच आलो. पहिल्याच वर्षी एक दिवस तो स्टाफरूमच्या दारात उभा. काठ दरवर्षी किती सरकतो ते नीट मोजायचं कसं, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी सांगितलं, न हलणारी एक खूण धर, पूर ओसरला की तिथनं काठापर्यंत टेप लाव, जागा बदलू नकोस. दोन वर्षांत कंटाळेल असं मला वाटलं होतं. त्यानं विहिरीचा कठडा ही खूण धरली आणि अकरा वर्षं मोजलं. नुसता आकडा नाही. पाणी किती दिवस चढून होतं, दरड पाणी चढताना ढासळली की उतरताना, कुठल्या थराखालून पोखरली गेली, सगळं एका वहीत. काठ पूर चढताना कमी आणि ओसरताना जास्त ढासळतो, भिजून जड झालेल्या मातीचा पाण्याचा आधार सुटतो म्हणून, हे त्याचं त्यानंच ताडलं होतं. दरवर्षी त्या पानांचे फोटो मला पाठवायचा.

त्यावर मी निबंध लिहिला आणि पुण्याच्या एका परिसंवादात वाचला. लोकांना आवडला, छापूनही आला. लेखक म्हणून नाव माझं एकट्याचं. शेवटी एक ओळ होती, मोजमापासाठी एका स्थानिक शेतकऱ्याचे सहकार्य लाभले. ती ओळ लिहिताना माझा हात थांबला होता, हे मला आठवतं. नाव घातलं तर निरीक्षणं माझी नाहीत हे उघड होईल, ही भीती होती. एवढं करून मी अभिमानानं छापील प्रत त्यालाच पाठवली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. अक्षर न् अक्षर वाचलं होतं त्यानं. चांगलं झालंय म्हणाला. मग त्यानं विचारलं, "स्थानिक शेतकरी म्हंजे मीच का रं?"

मी हसलो. म्हणालो, "अरे, तशी पद्धत असते."

"व्हय, आसंल," म्हणाला, आणि कारखान्याची ऊसतोड कधी येणार यावर बोलत राहिला. त्या वर्षी पावसाळ्यानंतर फोटो आले नाहीत. पुढच्याही वर्षी नाहीत. मीही विचारलं नाही. गेल्या उन्हाळ्यात बारामतीत पंपाच्या दुकानासमोर तो अचानक भेटला. आज बोलायचंच, असं मनाशी म्हणत मी त्याच्या उसाची चौकशी केली, पोरांची केली, आणि तास आहे असं सांगून निघालो. तास नव्हता.

तो गेल्यावर मी परिसंवादाच्या संयोजकांना पत्र लिहिलं, त्याचं नाव घाला म्हणून. छापलेल्यात आता बदल होत नाही, असं उत्तर आलं. म्हणून गेल्या रविवारी सांगवीला गेलो. त्याच्या पत्नीनं, सुनंदावहिनींनी, चहा केला. मी झालं ते सगळं सांगितलं, आणि वही द्याल का, असं विचारलं. या वेळी त्याच्या नावानं नीट छापतो म्हणालो. त्यांनी वही आणून मांडीवर ठेवली आणि उघडून दाखवली. मला फोटो यायचे थांबले, त्या वर्षांचीही पानं भरलेली होती.

"ते तुमच्याबद्दल कधी वंगाळ बोलले न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "पर वही मी देणार न्हाय, भावजी. टेपचं दुसरं टोक दरसाल मीच धरायची."

टेपला दोन टोकं असतात, दुसरं कुणीतरी धरत असणार, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं... माझ्यावर कुणीतरी रागावलं याचं मला बरंच वाटलं. यंदाचं माप राहिलंय का, मी विचारलं. राहिलं होतं. टेप धरू का म्हटल्यावर त्या उठून आतनं टेप घेऊन आल्या.

"तुमी कठड्यापाशी धरा," त्या म्हणाल्या. "काठाची माती कच्ची हाय. तितं मी जाते."

मी विहिरीच्या कठड्याला टोक दाबून वाकून उभा राहिलो. त्या टेप सोडत उसाच्या कडेनं नदीकडं गेल्या, थांबल्या, टेप ताणला गेला. त्यांनी आकडा वाचला, परत आल्या आणि कठड्यावर वही टेकवून स्वतःच्या अक्षरात लिहिला. किती भरलं, ते मी विचारलं नाही.