एकही गाडी न धरणारी बाई

ती घटना विसरलो, असं एकही वर्ष गेलं नाही. मुदतीआधी निवृत्ती घेतली, बाकीचे तपास मित्रांत रंगवून सांगितले. हा मात्र घरीसुद्धा सांगितला नाही. आता सांगतो. नावं घेत नाही, गावाचंही नाही. हिंगोली जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, एवढं पुरे.

मी तेव्हा फौजदार होतो. गुढीपाडवा होऊन गेला होता आणि पोरं पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. अशा वेळी पोलिसानं लोकांना शांत ठेवायचं असतं आणि स्वतःही शांत राहायचं असतं. दुसरं मला जमलं नाही.

संध्याकाळची हजेरी आटोपून बस स्थानकावर फेरी मारत होतो. तिथल्या चहावाल्यानं कप पुढं करता करता हळूच सांगितलं, "साहेब, ती बाई बघा. रोज पिशवी बांधून वाट बघून राहिली, अन् गाडी एक बी धरत न्हाई. लेकरं तिचीच हायत का, देव जाणे."

बाकड्यावर एक तरुण बाई बसली होती. मांडीवर दोनेक वर्षांचं पोरगं, शेजारी पाचेक वर्षांची पोरगी, तिच्या वेण्या घट्ट घातलेल्या. पिशवीचं तोंड सुतळीनं आवळलेलं. आत्ता गाडी लागेल आणि ही उठेल, अशी बसलेली.

स्थानकातल्या पोलीस चौकीत तिघांना नेलं. ठाण्यातून महिला शिपाई बोलावून घेतली. दारात गर्दी जमली होती. "लेकरं माझी हायत," एवढंच बाई म्हणाली. गाव विचारलं की गप्प. जवळ एक कागद नाही. मग पोरीला बाजूला घेतलं. गाव कोणतं? हट्टा, मामाकडं चाललो. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, तर गोरेगाव. तिसऱ्यांदा, वसमत. उत्तर बदललं की माणूस खोटा, हे आमच्या हाडात भिनलेलं. मी आवाज चढवला. खरं सांग, नाहीतर हिला आत टाकतो, असं त्या लेकराला म्हणालो. वर्दी घालून म्हणालो.

ती रडली नाही. कुठला तरी आवाज ऐकू यावा, तशी वर बघत राहिली. तेवढ्यात भोंग्यावरून औंढ्याच्या गाडीची घोषणा झाली, आणि पोरगी लगेच म्हणाली, "औंढा. आमचं गाव औंढा."

शिपाई बाई हसली, आणि हसता हसता थांबली. मलाही तेव्हाच उमगलं. पोरगी शिकवलेला धडा म्हणत होती.

बाईला पाणी दिलं, खुर्ची दिली. मग ती बोलली. "घर कुठं म्हणलं तर लेकरानं काय सांगावं? जी गाडी लागंल तिचं नाव घे म्हणलं. गाडीच्या माणसाला कोणी उठवत न्हाई, साहेब."

नवरा एका शेतकऱ्याकडं सालगडी होता. शेतातली खोली सालगड्याची. पावसाळ्यात साप चावून तो गेला. मालकानं पाडव्यापर्यंत राहू दिलं, पण सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं. नवा गडी बायकापोरांसह आला, ही निघाली. सासरी जागा नव्हती, माहेरी कोणी उरलं नव्हतं. दिवसा हळदीच्या गोदामात निवडणीला जायची, मुकादम लेकरं बसू द्यायचा, आणि रात्र या बाकड्यावर काढायची. मालकाला फोन लावला. त्यानं सगळं कबूल केलं आणि वर मलाच विचारलं, "माणूस लई चांगला व्हता. पण नव्या गड्यानं कुठं राहावं, तुमीच सांगा." यात गुन्हा कुठला होता?

तपास इथं संपला होता. ती आई आहे, हे मला माहीत झालं होतं. तरी मी लेकरं तिच्यापासून काढून घेतली. स्टेशन डायरीत 'निराधार बालके' अशी नोंद केली आणि बालकल्याण समितीमार्फत बालगृहात पाठवली. बाईला सोडून दिलं. जागा नाही म्हणजे आधार नाही, असा युक्तिवाद तयार ठेवला. खरं कारण फार लहान होतं. साहेबानं पोरं पळवणारी धरली, हे गर्दीनं पाहिलं होतं. मला रिकाम्या हातानं बाहेर यायचं नव्हतं. लेकरांची सुटका केली म्हणून पेपरात माझं नाव आलं. मी ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच फेरीला गेलो, तर बाई त्याच बाकड्यावर. पिशवी बांधलेली. कामावरही गेली नव्हती. काहून बसलीस, असं विचारलं.

"ही जागा सोडली तर लेकरं मला कुठं हुडकतील? त्यांला हेच घर ठावं हाय."

तिथून थेट समितीकडं गेलो आणि जे लिहिलं नव्हतं ते सांगितलं. तिथल्या एक वयस्कर बाई चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "फौजदार, लेकरांना छप्पर नव्हतं, माय होती. तुम्ही छप्पर देऊन माय काढून घेतली." राहायची सोय दाखवा, लेकरं आजच देते, असंही म्हणाल्या. शिपाई बाईच्या आईची मागची खोली रिकामी होती. भाड्याचं पुढं बघू, म्हातारी म्हणाली, आधी चूल तर पेटू द्या. पुढं अंगणवाडीच्या ताईनंही पत्त्याचा पुरावा मागितला नाही. पत्ता येईल मागून, पोरगी तर आली, असं म्हणाली.

त्याच दिवशी बाईला घेऊन बालगृहात गेलो, मी मात्र फाटकापाशीच थांबलो. माझी वर्दी पुन्हा त्या पोरीसमोर न्यायची नव्हती. ती पायरीवर भावाचा हात धरून बसली होती. आई दिसल्यावर धावली नाही. उठली, भावाला उठवलं आणि विचारलं, "आता कुठली गाडी?"

"गाडी न्हाई बाई. चालत जायाचं."

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत कुणाच्या लेकराला गाव आधी विचारलं नाही. जेवलास का, हे विचारायचो, आणि आईच्या देखत. नव्या शिपायांनाही तेच शिकवलं. का, ते मात्र सांगायची हिंमत झाली नाही.

मध्यंतरी त्याच स्थानकावर शिपाई बाईची आई भेटली. सोबत शाळेच्या गणवेशातली एक उंच मुलगी, हातात म्हातारीच्या औषधांची पिशवी. मी ओळखलं, तिनं ओळखलं नाही. म्हातारीला मुद्दामच विचारलं, ही कुठली हो? उत्तर मुलीनंच दिलं, "इथलीच की, काका. आजीच्या मागं राहातो आमी."

भोंग्यावर कुठल्याशा गाडीची घोषणा चालू होती. तिनं तिकडं कानसुद्धा दिला नाही.