अलेक्झांड्रियाचं ते नाट्यगृह रोमनच आहे

आज सकाळी बिरवाडीच्या एका हॉलमध्ये एका पाहुण्यांनी त्यांच्या इजिप्त सहलीचे फोटो दाखवले. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. अलेक्झांड्रिया या बंदराच्या शहरातल्या संगमरवरी पायऱ्यांच्या जुन्या नाट्यगृहाला ते "ग्रीक" म्हणाले.

आमच्या शेजारचे हमीदचाचा अनेक वर्षं जहाजावर स्वयंपाकी होते. ते उठून म्हणाले, "सायेब, ते रोमन हाय. मधल्या दगडावर उभा राहून बोललो, तर माझाच आवाज माझ्या कानात घुमला."

"चाचा, भटारखान्याच्या खिडकीतून दिसलं वाटतं?" पाहुण्यांनी विचारलं.

हॉल हसला. मग पाहुणे माझ्याकडे वळले. "तुम्ही पदवीधर ना? सांगा यांना."

घरातली पहिली पदवीधर मी. चाचांचं बरोबर आहे हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी म्हणाले, "बघून सांगते."

चाचा खाली बसले. निघताना मलाच म्हणाले, "जाऊ दे गो, पाव्हणा हाय."

नाही जाऊ देणार. ते रोमनच आहे, पाहुणे, आणि तुम्ही उद्धट आहात. हसलेले बरेचजण याच ग्रुपवर आहात. संध्याकाळी मी चाचांची माफी मागायला जाते आहे. तुमच्यापैकी कोण येतंय?