वाडग्याबाहेरची बाई

सेरोवे गावापलीकडच्या गुरांच्या तळावर सेथुन्याइतकं गाईंचं वेड कुणाला नव्हतं. नवऱ्याला ती चिडवायची, "तुमच्याशी नाही, तुमच्या गाईंशी लग्न लावलंय मी." तो गेला तेव्हा त्याच गाईंच्या गळ्यात पडून ती रडली.

दफनाला महिना झाला नाही तोच केरेंगमामा, तिच्या आईचा भाऊ, स्वतःचा तांबडा बैल हाकत आला. "राहू दे तुझ्याकडं, पोरी. बैल माझा, वासरं तुझी." आपल्या माणसाकडे गुरं अशी ठेवायला द्यायची तिथली रीतच आहे, आणि मामाचं देणं नाकारायची कुणाची छाती नाही. कान फाटका होता, पण अंगानं बैल तुकतुकीत. सेथुन्याला वाटलं, नवरा गेला तरी मामा पाठीशी आहे.

मग विपरीत सुरू झालं. बैल लागूनही गाई पुन्हा माजावर यायच्या. ज्या गाभण राहिल्या त्या मध्येच गाभडल्या. तिनं मामाला बोलावलं. मामानं बैलाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तू गुरांच्या वाडग्यात जातेस ना?" त्यानं विचारलं.

"धारा कोण काढणार मग?"

"अगं, विधवेचं अंग तापलेलं असतं. गाभण गाईंमधून फिरलीस, त्या टाकणारच. बाहेर राहा."

तापलेल्या बाईनं वाडग्यात पाऊल टाकू नये, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. तिनं मानलं. धारा शेजारणीकडे दिल्या आणि स्वतः काटेरी कुंपणाबाहेर उभी राहू लागली. सुतकाचं वर्ष सरलं, काळे कपडे उतरले, अंगावरून औषधी पाणी घेऊन झालं, तरी मामा म्हणायचा, "अजून निवली नाहीस." गाभण न राहणाऱ्या गाई तिनं आपलंच पाप समजून कसायाला दिल्या. मामाच्या बैलावर संशय घ्यावा, हे तिच्या मनालाही शिवलं नाही.

शेवटी शेजारणीनंच गुरांचे डॉक्टर पुले यांना आणलं. त्यांच्या मदतनिसानं गाईंचे आणि बैलाचे नमुने नेले, आणि डॉक्टर परत आले ते जंतूचं नाव घेऊनच.

"माझ्या कबुतरांना घशाचा रोग झालेला, त्याचंही असंच नाव सांगितलं होतं," सेथुन्या घाबरून म्हणाली. "त्यांचं तर नाही ना आलं?"

"नाही, मावशी. दोन्ही जंतू एकाच कुळातले, पण वंश वेगळा. आम्ही ते तपासलं. कबुतराचा जंतू पाखरांच्या घशात राहतो, गाईत नांदत नाही. हा गुरांचा आहे. बैलाला काही होत नाही, पण तो लागला की गाईंना देतो, आणि त्या गाभडतात." मग ते बैलाच्या फाटक्या कानाशी थबकले. "हा तुमच्याकडे कसा? केरेंगना मी केव्हाच सांगितलं होतं, याला कापा म्हणून. हो म्हणाले होते."

 सेथुन्याला गाई गेल्या त्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी आग दुसरीच होती. मामाला सगळं माहीत होतं, आणि तरी त्यानं तिला स्वतःच्याच अंगाची भीती घातली होती.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून बैल कापला. मांस खायला चांगलं होतं, तळावर वाटलं. तिथल्या रीतीनं कापलेल्या जनावराचं डोकं मामाच्या मानाचं. ते तिनं घमेल्यात घेतलं आणि त्याच्या घरी नेऊन पुढ्यात ठेवलं.

फाटका कान बघून केरेंगमामाचा चेहरा उतरला. "माझ्या कळपात ठेवला असता तर माझं वाटोळं झालं असतं, पोरी."

"म्हणून माझ्या कळपात सोडलात?"

"वाटलं, तुझ्याकडं थोड्याच गाई."

"आणि मी तापलेली, ते?"

मामानं घमेलं बाजूला सारलं. "विधवेचं नाव घेतलं की पुढं कुणी विचारत नाही गं. घरातलं घरात ठेव."

ती उठली. बाहेरची वाट मामाच्या वाडग्याला वळसा घालून जात होती. सेथुन्यानं वळसा घेतला नाही. तिनं फाटकाचा अडसर काढला आणि आत पाऊल टाकलं.

"अगं, बाहेरून जा!" केरेंगमामा खुर्चीतून उठून ओरडला. "माझ्या गाई गाभण आहेत!"

ती थांबली नाही. जी गाय वाटेत आली तिच्या पाठीवरून हात फिरवत, सावकाश, ती त्याच्या कळपामधून चालत गेली.