दूध देणारे सरपंच

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा संपायच्या आत माझी फजिती सांगूनच टाकतो.

धंदा माझा चष्म्याचा. दुसऱ्याला बारीक अक्षर नीट दिसावं म्हणून जन्म घालवणारा माणूस मी! त्यात व्हिडिओ बघून, चुकतमाकत, पेज लेआऊटचं सॉफ्टवेअर शिकलेलो. मग काय, कुणाच्या बारशाची पत्रिका असो की भाच्याची सापशिडी, सगळं माझ्याच गळ्यात!

धाकटी बहीण सुनंदा मंद्रूपला झेडपीच्या शाळेत तिसरीला शिकवते. एकदा घरी आली ती कपाळाला हात लावूनच.

"दादा, माझी पोरं तोंडच उघडत नाहीत रे! येत्या सोमवारी केंद्रप्रमुख वर्ग बघायला येणार. काहीतरी खेळ करून दे की!"

"कार्डं करू. पुढं प्रश्न, मागं उत्तर. पोपटासारखी बोलतील बघ!"

आणि केली की हो! एका पानावर प्रश्नांच्या चौकटी, दुसऱ्या पानावर अगदी त्याच जागी उत्तरांच्या. रेघ न् रेघ जुळवली. पडद्यावर इतक्यांदा तपासलं, की माझाच नंबर वाढायचा!

छपाईवाला म्हणाला, "काका, आधी एक पान काढून बघू या का?"

"काही गरज नाही. मी तपासलंय!"

जाड कागदावर दोन्ही बाजूंनी छापलं, कापलं आणि सोमवारी गठ्ठा घेऊन मी स्वतः मंद्रूपला हजर. शाबासकी कोण सोडतो?

केंद्रप्रमुख खुर्चीत. वर्ग असा चिडीचूप, की फक्त पंख्याची कुरकुर. सुनंदानं कार्डं वाटली आणि एका मुलीला उभं केलं. पोरीनं हळूच वाचलं, "आपल्याला दूध कोण देतं?" कार्ड उलटलं.

"सरपंच."

मी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला! शेजारच्या मुलानं त्याचं वाचलं, "गावाचा कारभार कोण बघतं?... म्हैस!"

खुसखुस सुरू झाली. "घरी पत्र कोण आणतं? मेंढी!"

मागून एक पोरगी ओरडली, "न्हाय बाई! आमच्यात लई मेंढ्या हायत. पत्र आणत न्हाईत, खातील!"

मग काय विचारता! "बाई, म्हैस ह्याच्याकडं हाय!" "सरपंच मला दे की!" आपापलं उत्तर शोधत पोरं वर्गभर धावायला लागली. वर्षभर न बोललेली पोरं भांडून भांडून बोलत होती!

केंद्रप्रमुख डोळे पुसत हसले. "मॅडम, उत्तरं मुद्दाम चुकवून छापलीत? झकास कल्पना!"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

"दादा, खरं सांग, झालं काय?" घरी येताच सुनंदानं धरलं. मलाच कुठं ठाऊक होतं? बायको चादरीची घडी घालत होती. तिनं चादर फटकन उलटली.

"बघा, डावीकडचा मोर कुठं गेला? उजवीकडं! पान उलटल्यावर दुसरं काय होणार? अख्खा जन्म सोलापुरात गेला, आणि एवढं कळेना?"

मनाला लागलं हो! पुन्हा बसलो. मागच्या चौकटींची डावी-उजवी बदलली, आधी एक पान छापून, उलटून, उजेडात धरून बघितलं. निर्दोष संच शाळेत धाडला.

चार दिवसांत सुनंदानं तो परत आणून टेबलावर ठेवला.

"काय गं, आवडला नाही?"

"पोरांनी परत दिलाय. म्हणतात, 'बाई, हा खेळ बिघडलाय. तुमच्या दादाला म्हणावं, पहिल्यासारखा नीट छापा की!'"